गिअरबॉक्सचं लाल तेल, घरच्या घरी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, तेलाच्या दाबाने पकडणाऱ्या हायड्रॉलिक चकच्या पॉवर पॅकचं तेल काळं पडलं की बदलायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. दाब कमी पडला तर चक जॉब सोडतो, आणि फिरता जॉब सुटला तर तो कुणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. आणि मी, हे रोज करणारा माणूस, स्वतःच्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची कांडी, तीन वर्षं ओढूनसुद्धा बघितली नव्हती.

गाडी होंडा सिटी, २०११ ची, पाच गिअरची. डावा गुडघा क्लच दाबू देईना म्हणून सेकंडहँड घेतली. कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना एकदा गिअर बदलताना मागून कुणी ढुशी दिल्यासारखा धक्का बसला. घरी येऊन डिपस्टिक पुसली तर फडक्यावर चहाच्या चोथ्यासारखा रंग. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. दाजी म्हणाले, "ऑटोमॅटिकमध्ये तेल बदलायचं असतंय व्हय? ते सील असतंय की." तेल कायमचं असतं हा समज लई लोकांचा आहे.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो असं नाही. तो पायाखाली नसतो, एवढंच. गिअरबॉक्सच्या आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात आणि त्यांना दाबून धरतं ते हेच तेल. तेच थंडावा देतं, तेच वंगण, आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली तेलाची जोडणी) इंजिनचा जोरही तेच पुढं पोचवतं. एका तेलाच्या गळ्यात चार कामं. घाटात, उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत जाताना ते तापतं, त्यातली रसायनं संपत जातात, प्लेटांची झीज त्यात मिसळते. मी आता दर ४०,००० किलोमीटरला बदलतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी बघा.

सगळ्यात आधी आपली ऑटोमॅटिक नक्की कुठली ते ओळखा. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, वर क्लच दाबणारं यंत्र बसवलेला. त्याला हे तेल चालत नाही. सीव्हीटी म्हणजे गिअरच्या पायऱ्यांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी, तिचं तेल वेगळं. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सचं वेगळं. २०१४ पासूनची पेट्रोल ऑटोमॅटिक सिटी (हायब्रिड सोडून) सीव्हीटी आहे, तिला एचसीएफ-२ कोडचं तेल लागतं. माझ्या गाडीला डीडब्ल्यू-१. बाटलीतलं तेल लाल दिसतंय म्हणून ओतू नका, पॉवर स्टिअरिंगचं तेलही लाल असू शकतं. बाटलीवरचा कोड आणि मॅन्युअलमधला कोड जुळला पाहिजे. मी कंपनीच्या स्पेअर काउंटरवरूनच बिल करून घेतो, यात काटकसर करत नाही. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही, त्यात तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत पातळी लावतात. ते काम घरी करू नका.

सामान थोडंच: ३/८ इंची रॅचेट, १८ मिलिमीटरचा नवा अॅल्युमिनियम वॉशर, बारीक तोंडाचं लांब नरसाळं, तेल धरायला पसरट टब, तीन लिटर नवं तेल, आणि लिटरच्या रेघा असलेलं पारदर्शक माप. माप विसरू नका. जॅकवर नुसती गाडी उचलून खाली जायचं नाही, स्टँड लावायचे, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक. मी आमच्या शेडमधल्या जुन्या खड्ड्यावर गाडी घेतो, त्यामुळे ती सपाट राहते.

गाडी थोडी फिरवून आणा. मी कळंब्यातून रंकाळ्याला एक चक्कर मारतो, मग पंधरा-वीस मिनिटं थांबतो. कोमट तेल पटकन आणि गाळासकट उतरतं. उकळतं तेल मात्र रॅचेटवरून थेट कोपरापर्यंत येतं, भाजल्यावर कळतं.

आता तेल सोडायचा बोल्ट. खालून बघितलं तर दोन दिसतात, एक इंजिन ऑइलचा आणि एक गिअरबॉक्सचा. इंजिनच्या बोल्टला पाना लावायला षटकोनी डोकं असतं. गिअरबॉक्सच्या बोल्टमध्ये चौकोनी खड्डा असतो, त्यात रॅचेटचं टोक सॉकेटशिवाय थेट बसतं. हसू नका, ओळखीच्या एकाच्या गाडीत हीच गफलत झाली होती. इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्स रिकामा केला आणि वरून इंजिनात आणखी नवं तेल ओतलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि उभी राहिली.

डिपस्टिक आधी ओढून ठेवा, म्हणजे हवा लागते आणि धार नीट पडते. धार संपून थेंब पडायला लागले की बोल्टच्या टोकावरचं लोहचुंबक बघा. मला हीच जागा आवडते. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर काळजी नाही. बोटांत चोळली तर खर लागत नाही, ग्राइंडिंगच्या गाळासारखी वाटते. ती रोजची झीज. पण नखाने टोचेल असा कीस, चकचकीत पत्री किंवा तुकडा मिळाला तर तेल बदलून काही होणार नाही, गाडी थेट जाणत्या मेकॅनिककडे न्या. माझ्या चुंबकावर पहिल्या वेळी पेस्टीची टोपीच होती, मुगाएवढी जाड. डिझेलने धुवून, पुसून बसवला. वॉशर नवाच घालायचा. आवळायचा ४९ न्यूटन-मीटरला. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर मित्राचा आणा, अंदाजाने अॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे नेऊ नका.

मग निघालेलं तेल मोजा. माझ्याकडे २.४ लिटर निघालं. तेवढंच नवं, डिपस्टिकच्या भोकातून, हळूहळू.

इथं मी एकदा घोळ घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची डिपस्टिक बघितली, पातळी खालच्या खुणेखाली. मी आणखी ४०० मिलिलिटर ओतलं. रविवारी जोतिबाचा डोंगर चढताना इंजिन गुरगुरतंय आणि गाडी रेटत नाही. वर पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरभोवती (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) तेलाचा तवंग. तेल जास्त झालं की फिरते गिअर ते घुसळतात आणि ताकासारखा फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही, मग क्लच प्लेटा घसरतात. बायको म्हणाली, "देवाला आलोय, आता देवच खाली नेऊ दे." थंड होऊ दिली, सावकाश उतरलो, घरी बोल्ट ढिला करून जास्तीचं काढलं.

तर पातळी बघायची रीत अशी. तेल घातल्यावर इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबवत फिरवा, परत पार्कमध्ये आणा. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या. सपाट जागी इंजिन बंद करा. साठ सेकंद झाले की बघायचं, नव्वद व्हायच्या आत. फोनवर टायमर लावा. कांडी ओढायची, पुसायची, घालायची, पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, त्यामुळे माझी रीत तुमच्या गाडीला परस्पर लावू नका.

एका खेपेत सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच अडकून राहतं. माझ्या गाडीत साधारण सहा लिटर धरलं तर एका बदलात जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात २२. म्हणून मी आठवड्याच्या अंतराने तीनदा केलं. दर खेपेला कांडीवरचा रंग चोथ्याकडून डाळिंबाकडे सरकत गेला, धक्का दुसऱ्या खेपेनंतर गेला. मशीन लावून सगळं एकदम धुवून काढण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. लाखभर किलोमीटर कधीच न बदललेल्या आणि आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सला आपला हात लावूच नका.

जुनं तेल गटारात ओतायचं नाही. जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो, आणि तिथलंच पाणी कुणीतरी खाली वापरतो. मी रिकाम्या बाटल्यांत भरून, वर मार्करने "जुनं" लिहून, ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये टाकतो. "जुनं" लिहायचं कारण आमच्या पोरानं एकदा ती बाटली लेथच्या गाइडवेला तेल म्हणून उचलली होती.

बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर किलोमीटर लिहून ठेवलेत: ६८,२१०, ६८,४९०, ६८,८०५. पुढचं १,०८,००० ला.