बॅकलिंक घेताना काय बघायचं

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या साइटला दिलेली लिंक, चांगल्या मिळाल्या तर गूगलवर वर दिसायला मदत होते. समजा तुमची कोथरूडमध्ये ट्रेकिंगचं सामान भाड्याने द्यायची साइट आहे, तर राजगड-तोरण्याची नीट माहिती देणाऱ्या साइटवरची एक लिंक ही कुठल्यातरी फालतू डिरेक्टरीतल्या (साइट्सच्या नुसत्या यादीतल्या) ढीगभर लिंकांपेक्षा भारी, कारण गूगल नुसत्या लिंका मोजत नाही, लिंक देणाऱ्या पानाला स्वतःला कोणाकोणाच्या लिंका आहेत तेही बघतं, १९९८ च्या पेजरँकची, म्हणजे पानांचं वजन ठरवायच्या गूगलच्या पद्धतीची, मूळ आयडिया हीच. विषय जुळला पाहिजे. लिंक मजकुराच्या ओघात हवी, फुटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी, कोंबलेली नको, आणि ती 'इथे क्लिक करा' वर असण्यापेक्षा 'पुण्यात तंबू भाड्याने' अशा शब्दांवर असेल तर पान कशाबद्दल आहे ते गूगलला कळतं... पण सगळीकडे तेच शब्द नकोत हां, लगेच संशय येतो. लिंकवर नोफॉलो, म्हणजे 'ही लिंक मोजू नका' असं गूगलला सांगणारी खूण, लावलंय का तेही बघा, २०१९ पासून गूगल त्याला आदेश नाही तर नुसती हिंट मानतं, तरी फार आशा नको. विकत तर अजिबात घेऊ नका, गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटने असल्या साइट्स पार खाली ढकलल्या. त्यापेक्षा पावसाळ्यात कुठल्या वाटेवर कसले बूट चालतात असं कामाचं पान लिहा आणि ट्रेक ग्रुपवाल्यांना पाठवा. कोण लिंक देतंय ते गूगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये फुकट दिसतं, महिन्यातून एकदा बघितलं तरी बास.