वृद्धाश्रमात या चुका टाळा: पडदा, फोटो आणि चारचौघांतली चौकशी

वृद्धाश्रमात अब्रू सहसा दुष्टपणानं जात नाही, घाईनं जाते. तीही बहुतेक वेळा डायपर बदलताना नाहीतर अंग पुसताना. मावशी डायपर सोडतात, मग लक्षात येतं की पावडर कपाटात राहिली, आणि त्या परत येईपर्यंत आजी तशाच उघड्या. टॉवेल, कोमट पाणी, नवा डायपर, कचऱ्याची पिशवी हे सगळं आधी खाटेशी आणा, पडदा ओढा, मगच कपड्यांना हात लावा. चादर अंगावरच राहू द्या. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. पडदे लावायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या संस्थांच्या हॉलमध्ये टीव्ही मात्र मोठा दिसतो!

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आजार) झालेली बाई आंघोळीला नेताना हात उगारत असेल, तर तिला ‘हट्टी’ म्हणून मोकळं होऊ नका. पाणी गार आहे का? मदतनीस पुरुष आहे का? अनोळखी माणूस लुगडं ओढतोय एवढंच तिला कळत असेल. ओळखीची मावशी द्या, चिडली असेल तर तासाभरानं पुन्हा विचारा. हे वागणं अचानक सुरू झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा; लघवीचा संसर्ग किंवा अंगदुखीही त्यामागे असू शकते.

‘आजोबा, पोट साफ झालं का?’ हे जेवणाच्या टेबलावर विचारू नये. लघवीच्या पिशवीला कापडी खोळ घाला. दार वाजवलं की उत्तराची वाट बघा.

पितृपक्षात अन्नदानाला आलेले लोक ताट हातात देऊन फोटो काढतात. ‘नको’ म्हटलं तर उद्या जेवण येणार नाही, या भीतीनं दिलेला होकार हा होकार नव्हे. फोटो हवाच असेल तर ताटांचा काढा. जखमेचा फोटो फक्त डॉक्टरांना पाठवा, चेहरा न दाखवता. नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. संमतीशिवाय कुणाच्या गुप्तांगाचा फोटो काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सीसीटीव्ही कॅमेरा जिन्यात, व्हरांड्यात ठीक. न्हाणीघरात कधीच नाही.

व्यवस्थापक ऐकत नसतील तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ वर फोन करा. रहिवाशांना स्वतःही करता यावा म्हणून नंबर ऑफिसात नको, फोनजवळ मोठ्या अक्षरात लावा.