आठ बारच्या लूपमधून पूर्ण ट्रॅककडे

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत करू लागलेल्यांची गाडी बहुधा आठ बारच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचा खंड) लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर, अडते. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) लयीत असा लूप बरोबर १५ सेकंदांत संपतो. तो पुन्हा पुन्हा ऐकत त्यावर नवे थर चढवत राहिल्यास कान सरावतात, रचना मात्र पुढे सरकत नाही. म्हणून सर्वांत भरगच्च भाग आधी तयार करून तो संपूर्ण टाइमलाइनवर पसरवावा आणि मग सुरुवातीतून व ब्रेकडाउनमधून (मधल्या विरळ भागातून) एकेक थर पुसत जावे. भर घालण्यापेक्षा वजाबाकी करताना निर्णय लवकर होतात. मोठे बदल आठ किंवा सोळा बारच्या टप्प्यांवर ठेवावेत, म्हणजे डीजेलाही तो ट्रॅक दुसऱ्यात मिसळणे सोपे जाते.

किक (ड्रमचा खर्जातला ठोका) आणि बेस यांवर मात्र सढळ हाताने वेळ खर्च करावा. दोघेही खालच्या फ्रीक्वेन्सीत एकाच जागेसाठी भांडतात, तेव्हा किकच्या प्रत्येक ठोक्याला बेस क्षणभर दबेल असा साइडचेन कॉम्प्रेसर लावावा; १२८ बीपीएमला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंदांचे अंतर असते आणि बेस त्याआधी पूर्ववत व्हायला हवा. इतर वाद्यांतला अनावश्यक खर्ज हाय-पास फिल्टरने काढावा, पण डोळे झाकून सगळीकडे नव्हे, कारण त्याने ट्रॅक पोकळ होतो (हा मोह मलाही आवरत नाही).

आवडत्या ट्रॅकशी तुलना करताना त्याचा आवाज आपल्या मिक्सइतका खाली आणावा. मोठ्याने वाजणारे कानाला उगाचच सरस भासते.