थर्ड पार्टी कॅमेरा बॅटरीची खरी कपॅसिटी घरच्या घरी कशी मोजायची

नवीन थर्ड पार्टी, म्हणजे कॅमेरा कंपनीची स्वतःची नसलेली, बॅटरी हातात आली की सगळ्यात आधी तिच्यावर छापलेला एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर, असे हजार म्हणजे एक अँपिअर-अवर) आकडा डोक्यातून काढून टाका. तो आकडा छापायला काहीच लागत नाही, आणि बॅटरीत नक्की किती दम आहे ते ती रिकामी करून मोजल्याशिवाय कळत नाही. एका शूटच्या ऐन मध्यात ६० टक्के दाखवणारी बॅटरी माझ्याकडे थेट बंद पडली, तेव्हापासून मी मोजल्याशिवाय एकही बॅटरी बॅगेत टाकत नाही.

मीटर जोडायच्या आधी दोन मिनिटांचं गणित करून घ्या, कारण बरेचदा खोटं तिथेच पकडलं जातं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. लेबलवर ७.२ व्होल्ट, २६०० एमएएच आणि खाली बारीक अक्षरात १४ वॉट-अवर असं लिहिलेलं असेल, तर ७.२ गुणिले २.६ होतात १८.७, म्हणजे लेबल स्वतःशीच भांडतंय. १४ खरं धरलं तर बॅटरी १९४० एमएएचच्या आसपास निघते. दुसरं म्हणजे ओरिजिनलशी तुलना करा. कॅननची एलपी-ई६ २००८ मध्ये आली ती १८०० एमएएचची, मग एलपी-ई६एन १८६५ ची, आणि २०२० च्या एलपी-ई६एनएचला २१३०, म्हणजे तेवढ्याच डब्यात ३३० एमएएच वाढवायला १२ वर्षं गेली. सोनीची एनपी-एफझेड१०० आहे २२८० एमएएच, १६.४ वॉट-अवर. मग त्याच मापाच्या डब्यात कोणी ३००० म्हणत असेल तर मला ते पटत नाही. वजनकाटा असेल तर ओरिजिनल आणि ही दोन्ही ठेवून बघा, खूप हलकी लागली तर आत सेल लहान आहेत असं समजायला हरकत नाही.

आता खरी टेस्ट. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेसच्या बॅटरीत लिथियम-आयनचे दोन सेल सिरीजमध्ये असतात, फुल चार्ज ८.४ व्होल्ट. छोट्या पॉइंट अँड शूट किंवा अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात बरेचदा एकच सेल असतो, तिथे खालचे सगळे व्होल्टचे आकडे निम्मे करा. बॅटरी फुल चार्ज करा, तासभर तशीच ठेवा, मग मल्टीमीटर लावा. प्लस आणि मायनस बहुतेक वेळा प्लास्टिकवर कोरलेलं असतं, मधले एक-दोन पॉइंट तापमान आणि डेटाचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. ८.३ ते ८.४ दिसलं तर ठीक. ८.१ वगैरेवरच चार्जर थांबत असेल तर चूक चार्जरची आहे आणि बॅटरी विनाकारण नापास होईल, म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकाच चांगल्या चार्जरवर चार्ज करा. शून्य व्होल्ट दिसले तर आतलं प्रोटेक्शन सर्किट ट्रिप झालेलं असू शकतं, थोडा वेळ चार्जरला लावलं की बरेचदा जागं होतं. पण नवी कोरी बॅटरी अशी मेलेली आली तर मी ती ठेवत नाही, परत करतो.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे ठरवलेल्या करंटनं बॅटरी रिकामी (डिस्चार्ज) करत मोजणारं यंत्र, किंवा ज्याला लोक कपॅसिटी टेस्टर म्हणतात तो छोटा बोर्ड. डिस्चार्ज करू शकणारा हॉबी चार्जर असेल तर तोही चालतो, फक्त त्याची डिस्चार्जची ताकद कमी असते म्हणून वेळ जास्त लागतो. बॅटरीला वायर जोडायला जुन्या, खराब झालेल्या चार्जरची प्लेट घ्या, आतलं सर्किट काढून टाका आणि तिच्या पिनांनाच वायर सोल्डर करा. बॅटरीच्या पत्र्यांवर थेट सोल्डर कधीच करू नका, उष्णता सेलपर्यंत जाते. वायर जाड आणि आखूड ठेवा, कारण बारीक वायरमध्येच व्होल्टेज पडतं आणि टेस्टरला वाटतं बॅटरी संपली. टेस्टरला व्होल्टेज मोजायच्या वेगळ्या दोन वायर असतील तर त्या थेट पिनांपाशी जोडा, फरक पडतो.

करंट किती ठेवायचा? सेलची कपॅसिटी मोजायचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी ६१९६०, त्यात ०.२ सी धरतात आणि तापमान २० डिग्रीच्या ५ वर-खाली. ०.२ सी म्हणजे ५ तासांत बॅटरी रिकामी होईल एवढा करंट, २००० एमएएचला ४०० मिलिअँपिअर. कटऑफ, म्हणजे जिथे डिस्चार्ज थांबवायचा ते व्होल्टेज, ६.० व्होल्ट लावा, त्याच्या खाली जाऊ नका, कारण दोन सेलच्या मधला पॉइंट बाहेर आलेला नसतो, मग एक सेल ३.३ ला आणि दुसरा २.७ ला गेला तरी आपल्याला बाहेरून ६ च दिसतात. टेस्ट थांबली की व्होल्टेज पुन्हा वर चढतं, तेव्हा अजून थोडं निघेल म्हणून परत सुरू करायचा मोह होतो, तो टाळा, आकडा बिघडतो. आणि टेस्टर एमएएच व वॉट-अवर दोन्ही दाखवत असेल तर वॉट-अवर आधी लिहून घ्या, कॅमेऱ्याला ऊर्जा लागते, आणि ज्या बॅटरीचं व्होल्टेज लवकर खाली बसतं तिचे एमएएच चांगले दिसूनही कॅमेऱ्यात ती कमी टिकते.

हेच अजून नीट कळायला दुसऱ्या फेरीत १ अँपिअरनं डिस्चार्ज करा. चांगल्या बॅटरीत आकडा थोडासाच घटतो, हलक्या दर्जाच्या बॅटरीत धाडकन पडतो, म्हणजे आतला रेझिस्टन्स जास्त आहे आणि ४के व्हिडिओला किंवा बर्स्टला ती दगा देणार. लोड जोडताना लगेच किती व्होल्ट पडले ते बघा: ८.३० वरून ८.०५ झालं तर ०.२५ व्होल्ट भागिले १ अँपिअर, म्हणजे पाव ओहम. ओरिजिनलचा हाच आकडा काढून शेजारी लिहा.

टेस्टर नसेल तर २० ओहम १० वॉटचा रेझिस्टर आणि मल्टीमीटर एवढ्यावर भागतं, फक्त बसून राहावं लागतं. रेझिस्टर गरम होतो, फरशीवर ठेवा. त्यावर लिहिलेल्या २० वर जाऊ नका, मोजून घ्या. दर १५ मिनिटांनी व्होल्टेज लिहा, ७ च्या खाली आल्यावर दर २ मिनिटांनी, कारण शेवटी ते फार पटकन कोसळतं, आणि ६ ला काढून घ्या. समजा सरासरी ७.३ व्होल्ट आली आणि साडेचार तास चाललं: ७.३ भागिले २० म्हणजे ०.३६५ अँपिअर, गुणिले ४.५, झाले साधारण १६४० एमएएच, १२ वॉट-अवर.

यूएसबी मीटर लावून चार्ज होताना किती गेलं ते बघणं सोपं आहे, पण तिथे बरेच जण फसतात. मीटर ३५०० एमएएच दाखवतो आणि लोक खूश होतात, पण ते ५ व्होल्टचे आहेत, म्हणजे १७.५ वॉट-अवर, ७.२ व्होल्टच्या हिशेबात २४३० च, आणि त्यातला काही भाग चार्जरमध्येच उष्णता होऊन जातो. त्यामुळे या पद्धतीनं नुसती तुलना करा: त्याच चार्जरवर रिकामी ओरिजिनल १९ वॉट-अवर घेते आणि ही १५ घेते, तर ही ओरिजिनलच्या ७९ टक्के.

कॅमेऱ्यातली टेस्ट मी शेवटी करतो. तेच सेटिंग, तीच लेन्स, स्क्रीनचा तोच ब्राइटनेस, आणि बंद पडेपर्यंत व्हिडिओ. कॅमेरा तापून थांबला तर ती फेरी धरायची नाही. इथे टक्केवारी कशी उतरते ते कळतं, कारण कॅमेऱ्याला चार्जची माहिती देणारी चिप नकलेत नीट जमलेली नसते, मग बराच वेळ १०० आणि नंतर एकदम ३०. अशी बॅटरी कपॅसिटीत पास झाली तरी मी ती महत्त्वाच्या कामाला लावत नाही.

एका फेरीवर निकाल देऊ नका, तीन फेऱ्या करा आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा आकडा धरा. जोडीनं मिळालेल्या दोन बॅटऱ्याही वेगवेगळ्या मोजा, त्या सारख्या असतीलच असं नाही. माझा हिशेब असा की लेबलच्या ९० टक्के निघाले तर उत्तम, ८० पर्यंत चालवून घ्यायचं, ७० च्या खाली परत. पण लेबल खरं १८०० चं असेल आणि १७०० निघाले तर ती बॅटरी २६०० लिहून १८०० देणारीपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते.

टेस्ट चालू असताना खोलीत थांबा, आजूबाजूला कागद-कापड नको. बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली, फुगली किंवा गोडसर केमिकलचा वास आला तर ताबडतोब लोड काढा आणि तिला परत चार्ज करू नका. टेस्ट नीट पार पडली तर बॅटरी ६ व्होल्टवर तशीच पडून राहू देऊ नका, त्याच दिवशी चार्जरला लावा, मार्करनं नंबर, तारीख आणि वॉट-अवर बॅटरीवरच लिहा, आणि एक फुल चार्ज करून महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवून परत डिस्चार्ज करा, म्हणजे ती नुसती पडून राहून किती गळते तेही कळेल.