फोन ८० वर अटकला? स्मार्ट वस्तूंना सवयी लावताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात नागपूरच्या मनीषनगरातल्या मावशीचा सकाळी साडेपाचला फोन. "अरे, हा चार्ज होऊनच नाही राहिला. रात्रभर लावून ठेवला, आता पाहते तं ८० वरच. चार्जर गेला का बॅटरी?" दुपारपर्यंत मावसभाऊ सीताबर्डीवरून नवा चार्जर घेऊनही आला. नव्या चार्जरवर फोन संध्याकाळी पूर्ण भरला, आणि जुना खराबच होता असा घरात पक्का निकाल लागला.

जुना चार्जर ठणठणीत होता. बॅटरी काठोकाठ भरून तासन्‌तास प्लगला राहिली की लवकर म्हातारी होते. म्हणून २०१९ च्या आयओएस १३ (आयफोनची चालक प्रणाली) पासून आयफोन रात्री ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुम्ही रोज प्लग काढता त्या वेळेच्या बेतानं उरलेलं भरतो. मावशी एरवी साडेसातला उठते. त्या दिवशी रामटेकला जायचं म्हणून पाचलाच उठली. फोनला ते कुठून कळणार? घाई असेल तेव्हा लॉक स्क्रीनवरच्या चार्जिंगच्या सूचनेवर बोट दाबून धरा, लगेच चार्ज करण्याचा पर्याय येतो.

काहींची तक्रार बरोबर उलटी असते: "माझा तर कधीच थांबत नाही." फोनला शिकायला किमान १४ दिवस लागतात, आणि एकाच ठिकाणी पाच तास किंवा जास्त वेळचं चार्जिंग किमान नऊदा झालेलं असावं लागतं. ऑफिसात अर्धा तास, गाडीत वीस मिनिटं असं तुकड्या-तुकड्यानं चार्ज करणाऱ्याकडून तो शिकणार काय? लोकेशन बंद ठेवलं असेल तरी हे होत नाही, कारण घर कोणतं तेच त्याला समजत नाही.

या वस्तूंना माणूस कळत नाही. कळते ती वेळ, जागा, आणि कोणतं बटण दाबलं एवढंच. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यानं होतात.

मे महिन्यात माणूस 'गायब' होतो

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर. आमच्या वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर लावला होता. खोलीत कोणी नाही असं वाटलं की वीस मिनिटांनी दिवा-पंखा बंद. थंडीत झकास चाललं. मेमध्ये मात्र रात्री अकराला आम्ही दोघं जागे, गप्पा मारतोय, आणि पंखा बंद! बायको म्हणाली, "काहून बंद करून राहिला बापा हा, आपण दिसून नाही राहिलो का याला?"

खरोखरच दिसत नव्हतो. स्वस्तातले बहुतेक सेन्सर अंगाची उष्णता पाहतात. मागची भिंत थंड आणि पुढून जाणारा माणूस गरम, हा फरक सरकला की त्यांना हालचाल कळते. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, स्लॅबखालच्या भिंती रात्रीही हाताला गरम लागतात. खोली ३५-३६ अंशांवर गेली की भिंत आणि माणूस सेन्सरला जवळजवळ सारखेच. मग घरात माणसं असूनही 'घरी कोणी नाही' अशी नोंद होते, आणि सवयी शिकणारी यंत्रणा त्या खोट्या नोंदीवरच पुढचा अंदाज बांधते.

उपाय साधे आहेत. सेन्सर पश्चिमेच्या खिडकीसमोर किंवा कूलरच्या झोतात लावू नका. कूलरचा गार भपकारा आला की तो उगाच जागा होतो. माणूस सेन्सरकडे चालत येण्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडा, आडवी हालचाल त्याला चांगली कळते. उन्हाळ्याचे दोन महिने सेन्सरवर विसंबू नका, सरळ वेळ लावून द्या. रडारवर चालणारे सेन्सर गरमीत फसत नाहीत, पण त्यांना हलणारा पडदाही माणूस वाटू शकतो, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

लग्नघरात शिकवणी

नवा एसी एप्रिलमध्ये घेतला, पाठोपाठ घरात लग्न, खोलीत आठ पाहुणे, रात्रभर १८ वर. पाहुणे गेले, आणि सवय शिकणारा एसी अजून लग्नातच! पहिले दिवस महत्त्वाचे असतात. २०११ साली अमेरिकेत आलेला नेस्ट थर्मोस्टॅट (घराचं तापमान सांभाळणारं यंत्र), हा या जातीचा गाजलेला पहिला नमुना, साधारण आठवडाभरात घराचं वेळापत्रक बांधायचा. तुमच्या एसीला किती दिवस लागतात ते पुस्तिकेत पाहा. तेवढे दिवस घर रोजच्यासारखं चालत असेल तेव्हाच शिकणारा मोड चालू करा. पाहुणे आले की तो बंद ठेवा.

रिमोटची ओढाताण हा दुसरा घोळ. आजी २७ वर नेते, नातू येऊन २०. प्रत्येक बटण हा त्या यंत्रासाठी एक धडा, आणि दोन मास्तर एकमेकांचं पुसत असले तर विद्यार्थ्याचं काय होणार? रात्रीचं तापमान घरातच आधी ठरवा. आणि नवा एसी पहिल्यांदा लावल्यावर २४ दाखवतो म्हणून "पाहा, शिकला" असं म्हणू नका. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, तो सरकारी नियम आहे.

आपल्याकडचं खास: एकाच खोलीत कूलर आणि एसी दोन्ही चालू. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी ते काढत बसतो. बिल वाढतं आणि दोष जातो 'एआय मोड'ला.

टीव्ही, कीबोर्ड आणि बाकी

टीव्हीचं थोडक्यात. सगळ्यांचं एकच प्रोफाइल असलं की दिवाळीच्या सुट्टीत भाचे येऊन गेल्यावर पुढचा महिनाभर कार्टून. वेगळी प्रोफाइलं करा, आणि झालेला कचरा पाहण्याच्या हिस्ट्रीतून काढा.

कीबोर्ड मात्र फार गुपचूप शिकतो. माझा 'काहून'चं (म्हणजे आपल्या 'का'चं) 'काढून' करायचा. घाईत ते तसंच पाठवलं की त्याला वाटतं आपलं बरोबर. दोन-चारदा साहेबांना "काढून उशीर झाला" असं गेल्यावर लक्षात आलं. जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) चुकीचा सुचवलेला शब्द दाबून धरून कचऱ्याच्या डब्याकडे ओढता येतो. आपला शब्द तीन-चार वेळा नेटानं पूर्ण लिहा, मग तो वळणावर येतो.

काही बिघडलं की थेट रीसेट मारणं, ही सगळ्यात महागडी चूक. महिन्याभराचं शिकलेलं सगळं जातं. आधी वेळ-तारीख, लोकेशन आणि वायफाय तपासा. राउटर बदलला असेल तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, बहुतेक वस्तू आपोआप जोडल्या जातात. बरेचसे स्मार्ट प्लग वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात, तेही बघा. रीसेट करायचा तो वस्तू विकताना किंवा कोणाला देताना, आणि तेव्हा आपलं अकाउंटही काढून टाका.

मावशीचा जुना चार्जर सध्या माझ्याकडे आहे. माझा फोन त्यावर रोज रात्री ८० वर थांबतो आणि मी उठेपर्यंत १०० होतो. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्याकडे बरा चालून राहिला हो."