नागाला हात नाहीत, मग मंत्र कसा टाकणार? डीएमनी या चुका टाळा

सांगलीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव रविवारी बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा. नागपंचमीच्या आठवड्यात मी मुद्दाम स्पिरिट नागा हा मंत्र टाकणारा नागराक्षस आणला. बत्तीस शिराळा इथून जवळच, त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात नागच होता. लढाई सुरू होताच एक खेळाडू म्हणाला, "ह्याला हात कुठं हायत? मंत्र कसला टाकतोय!" मी ते मान्य केलं आणि दहाव्या पातळीचा मांत्रिक असलेला हा नाग शेवटपर्यंत नुसता चावत राहिला. ती लढाई वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

इथले सगळे नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. मंत्राला उच्चार, हातवारे आणि साहित्य लागू शकतं, पण प्राण्याच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (त्याच्या माहितीच्या चौकटीत) वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं. नागाला फक्त उच्चार लागतो. म्हणजे बंद करायचा तो आवाज. सायलेन्स हा मंत्र २० फूट त्रिज्येत आवाज बंद करतो, पण नागाचा वेग ४० फूट. अगदी मध्यावर असला तरी तो आपल्या पाळीत सरपटत बाहेर येतो आणि मंत्र टाकतो. खेळाडू फसतात ते इथंच. आधी फायटरनं (लढवय्यानं) त्याला ग्रॅपल करून, म्हणजे पकडून धरून, वेग शून्यावर आणावा, मग क्लेरिकनं (देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणाऱ्यानं) लांबून सायलेन्स टाकावा. त्या गोलात डायमेन्शन डोअर या क्षणात दुसरीकडं नेणाऱ्या मंत्रानं निसटणंही नागाला जमत नाही.

माइंड फ्लेअर या मनोशक्तीच्या राक्षसाला उच्चार, हातवारे, साहित्य यातलं काहीच लागत नाही. त्याच्यावर सायलेन्स फुकट जातो. समोरच्याचा मंत्र मोडणाऱ्या काउंटरस्पेलसाठी तो मंत्र टाकताना दिसावा लागतो, आणि इथं दिसण्यासारखं काही घडतच नाही. हे खेळाडूंना आधीच्या एखाद्या प्रसंगात जाणवू द्या, नाहीतर अन्याय झाल्यासारखं वाटतं.

पिक्सी या चिमुकल्या परीला मंत्रासाठी फक्त तिची धूळ लागते. ड्रॅगनचा श्वास हा मंत्रच नाही, त्यामुळं काउंटरस्पेल चालत नाही. बिहोल्डर या अनेक डोळ्यांच्या राक्षसाचे किरणही मंत्र नाहीत, पण ते जादूचे आहेत, म्हणून त्याच्याच मधल्या डोळ्याच्या, जादू बंद करणाऱ्या १५० फुटी शंकूत ते चालत नाहीत. शंकूत उभ्या असलेल्यावर किरण सोडू नका.

आणि कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष देऊन धरायचा मंत्र एका वेळी एकच, हा नियम राक्षसांनाही लागू आहे. नागानं होल्ड पर्सन (माणसाला जखडणारा मंत्र) धरून ठेवलं असताना डॉमिनेट पर्सन (माणसाला ताब्यात घेणारा मंत्र) टाकलं, तर पहिला मंत्र सुटतो. मी आता प्रत्येक प्राण्याच्या मोहऱ्याखाली चालू मंत्राची चिठ्ठी ठेवतो. मार बसला की १० किंवा निम्मं नुकसान, यातल्या मोठ्या आकड्यावर सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो, आणि हुकला तर चिठ्ठी सगळ्यांसमोर उचलतो.