धावपटूहो, निवेदक व्हायचंय? या चुका टाळा, माझं डोकं वाचवा

मी राहतो ठाण्यात आणि नोकरी महापेच्या एका स्टुडिओत. अठरा वर्षं फ्लोअर मॅनेजर आहे, म्हणजे कॅमेऱ्याशेजारी उभं राहून बोटांनी पाच-चार-तीन मोजणारा माणूस. दर वर्षी एखादा तरी धावपटू ऑडिशनला येतो. राज्याचं, कधी राष्ट्रीय पदक मिळवलेला, हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दोनदा गेलेला, तिशीला टेकलेला. आणि डोक्यात एकच चित्र: "सर, मायकेल जॉन्सनसारखं बसायचंय."

गोची इथूनच सुरू होते. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये २०० मीटर १९.३२ सेकंदांत धावलेला जॉन्सन बीबीसीवर बसला तो तज्ज्ञ म्हणून. प्रश्न दुसरं कुणीतरी विचारतं, हा उत्तर देतो. त्या खुर्चीचं भाडं पदक भरतं. निवेदकाच्या खुर्चीत पदकाला कोणी विचारत नाही, तिथे दुसऱ्याला बोलतं करायचं असतं. तेच करायचं असेल तर लिनफर्ड ख्रिस्तीकडे बघा. १९९२ला बार्सिलोनात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ९.९६ सेकंदांत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला माणूस. निवृत्तीनंतर त्याने बीबीसीवर विक्रमांचा कार्यक्रम केला, तोही लहान मुलांचा. आमच्याकडच्या जिल्हा विजेत्याला मुलांचा कार्यक्रम दिला की तोंड वाकडं होतं.

गोळीवर सुटू नका

हाच ख्रिस्ती म्हणायचा की बंदुकीच्या 'बँग'मधल्या 'ब'वर सुटायचं. अटलांटाच्या अंतिम फेरीत मात्र दोनदा आधीच सुटला आणि बाहेर गेला. २०१० पासून तर एकाही चुकीला माफी नाही. गोळीनंतर एक दशांश सेकंदाच्या आत हललात तरी फॉल्स स्टार्ट. दहा-बारा वर्षं अंगात मुरलेली ही सवय स्टुडिओत येते आणि माझा हात खाली यायच्या आधीच तोंड सुटतं. ऑडिओवाला फेडर, म्हणजे माइकचा आवाज, वर घेईपर्यंत पहिलं अक्षर गेलेलं असतं, घरी ऐकू येतं "मस्कार". माझा उपाय कुठल्या पुस्तकात नाही. क्यू, म्हणजे माझा इशारा, मिळाला की बुटातला अंगठा एकदा दाबायचा, श्वास सोडायचा, मग बोलायचं. अर्धा सेकंद जातो. जाऊ दे.

कानातल्याला उत्तर देऊ नका

ही माझी लाडकी चूक. पाम बीच रोडवर एका मॅरेथॉनचं थेट प्रक्षेपण होतं. निवेदनाला राज्य विजेती स्प्रिंटर, चुणचुणीत मुलगी. टॉकबॅकची, म्हणजे कानातल्या यंत्रातून येणाऱ्या सूचना ऐकत बोलायची, तालीम घ्यायला सांगितलं, तर म्हणाली, "सर, कानातलं ऐकायचं एवढंच ना?" सगळं छान चाललं होतं. पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, निर्मात्याने तिच्या कानात सांगितलं, "वीस सेकंदांत ब्रेक आहे, गुंडाळ." आणि वाक्य अर्धवट टाकून ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "हो सर, गुंडाळते."

मग तिला कळलं आपण काय केलं. पुढे बारा सेकंद शांतता. तेवढ्या वेळात ती शंभर मीटर धावून मोकळी होते. त्या दिवशी तेवढ्या वेळात प्रेक्षकांनी तिच्यामागे उभ्या असलेल्या एका काकांना अख्खं केळं सोलताना बघितलं.

कानातलं ऐकत, अर्थ लावत, चेहऱ्यावर काही न दाखवता वाक्य पूर्ण करणं हे शहाणपणाने येत नाही, घासून येतं. मी पोरांना ठाण्याहून वाशीची लोकल पकडायला लावतो. एका कानात आकाशवाणीच्या बातम्या. ऐरोली, रबाळे, घणसोली करत खिडकीबाहेर जे दिसेल ते हलक्या आवाजात सांगत राहायचं, वाक्य तोडायचं नाही. तुर्भ्याला बातम्यांतल्या तीन गोष्टी सांगता आल्या तर पास. शेजारचा माणूस घाबरून सरकून बसतो, तो वरचा फायदा. त्या मुलीने हे दोन महिने केलं. तिच्यानंतर आलेल्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, "सर, अजून किती दिवस?" ब्लॉक्समधून कसं सुटायचं हे शिकायला याला चार वर्षं लागली होती. आणि ते "तीन दिवसांत अँकर बना" वाले वर्ग! लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळतं, भाजीखाली ठेवायला बरं.

उत्तर आत दडवलेले प्रश्न

एका माजी धावपटूने आमच्याकडे एका कबड्डीपटूची मुलाखत घेतली. आठ मिनिटांचा स्लॉट. "खूप मेहनत घेतली असेल ना?" "हो." "घरच्यांचा पाठिंबा?" "हो, खूप." "आता देशासाठी खेळायचं?" "हो." दोन मिनिटांत प्रश्नांचा कागद संपला. उरलेली सहा मिनिटं त्याने स्वतःच्या हॅमस्ट्रिंगची कथा सांगितली. पाहुणा बिचारा उजव्या हाताच्या बोटांवरची पट्टी उचकटत बसला होता.

रेकॉर्डिंग संपल्यावर कॉफी घेताना मी विचारलं, बोटांना काय झालं? तर अंतिम सामन्यात दोन बोटं निखळली होती. ती एकमेकांना बांधून तो पुढे चार चढाया करून आला होता. सगळी मुलाखत त्या पट्टीत होती.

म्हणून पाहुणा बसला की आधी त्याचे हात-पाय बघा. ज्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटता येतं तो खोडा. अडलात तर नुसतं "मग?" म्हणा आणि गप्प बसा. धावपटूला गप्प बसून समोरच्याकडे बघणं फार जड जातं, कारण शेजारच्या लेनकडे बघायचं नाही हेच त्याला शिकवलेलं असतं.

बाकीच्या पटापट

आकडे अक्षरांत लिहून घ्या. प्रॉम्प्टरवर ६९ दिसलं की निम्मी मुलं एकोणसाठ वाचतात. आणि शतांश-दशांशाचा घोळ तर अजिबात नको. पी. टी. उषाचं १९८४चं ४०० मीटर अडथळ्यांचं कांस्य एक शतांश सेकंदाने हुकलं, ५५.४२ विरुद्ध ५५.४१. "एक दशांश" म्हणालात तर तिचं दुःख तुम्ही दहापट लांबवलंत.

वेळेसोबत वाराही बघा. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर १०० आणि २०० मीटरला विक्रम धरत नाहीत. हे तुम्हालाच माहीत नसेल तर कठीण आहे.

बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात लाटा येतात.

रेकॉर्डिंगच्या सकाळी मामलेदारची मिसळ नको. ढेकर माइक पकडतो.

आणि काम संपलं की आधी कॉलर माइक काढून द्या, मग बाथरूमला जा. एकजण तसाच गेला. पीसीआरमध्ये आम्ही सात जण होतो, सगळ्यांच्या कानात हेडफोन. त्याच्या चेकवर सही घ्यायला कोण जाणार, यावरून नंतर आमच्यात चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.